पाढ्यांची घडण

‘सात आठे छप्पन्न.’ तीन शब्द. यात ‘गुणिले’ नाही, ‘बरोबर’ नाही, क्रियापद तर नाहीच. आठाला जोडलेला एक ‘ए’ गुणाकाराचं सगळं काम उरकून मोकळा होतो. इतकी काटकसर मराठी म्हणींमध्येही क्वचितच सापडते. तरी उजळणीच्या पुस्तकाचं रसग्रहण कुणी करत नाही. कवितेचं करतात, बंदिशीचं करतात, एखाद्या शिल्पाचंही करतात. पाढ्यांना कवी नाही, आणि लहानपणी ते छडीच्या धाकाने भेटलेले असतात. तेव्हा त्यांच्यात रस शोधायला कुणी जात नाही.

मला मात्र पाढे ही मराठीतली फार उंची रचना वाटते. ती वाचण्यासाठी किंवा समजण्यासाठी नाही, तर पाठ होण्यासाठीच घडलेली आहे. घडवणारा कुणी एक नाही. पिढ्यान्‌पिढ्या पोरांच्या जिभा जिथे अडखळल्या तिथले शब्द झिजले, जिथे गोंधळल्या तिथे वेगळा सूर लागला. म्हणून पाढे नीट ऐकले तर माणसाची स्मरणशक्ती कशाला धरते आणि कशाला सोडते, हे त्यांतच ऐकू येतं.

आधी शब्दांची लांबी पाहू. १९७४ मध्ये ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी तात्पुरत्या स्मृतीचा एक आराखडा मांडला. कानावर पडलेले शब्द मनातल्या मनात घोळत राहतात आणि घोळत आहेत तोवरच टिकतात, असा त्याचा एक भाग. पुढच्याच वर्षी बॅडली आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, हे घोळवणं साधारण दोन सेकंदांत जेवढं उच्चारता येईल तेवढ्यालाच पुरतं. शब्द लांब असले की कमी मावतात. १९८० मधल्या एका अभ्यासात वेल्श आणि इंग्रजी दोन्ही बोलणाऱ्यांना वेल्शमध्ये कमी अंक लक्षात ठेवता आले, कारण वेल्श अंकांची नावं उच्चारायला वेळ जास्त लागतो. आता ‘सात गुणिले आठ बरोबर छप्पन्न’ म्हणून पाहा आणि मग ‘सात आठे छप्पन्न’ म्हणा. दुसऱ्यात प्रश्न आणि उत्तर एका दमात, एकमेकांना चिकटून येतात. पहिल्यात उत्तरापर्यंत पोचताना प्रश्न मागे पडू लागतो. दोनाऐवजी ‘बे’, सहाऐवजी ‘सक’ हे काही लाडाचे शब्द नव्हेत. त्यांनी उच्चार आखूड केला आहे.

ही झीज थांबलेली नाही. इंग्रजी शाळेतली आपली मुलं ‘टू थ्रीज आर सिक्स’ म्हणत नाहीत. ती ‘टू थ्री जा सिक्स’ म्हणतात. हा ‘जा’ कुठल्याच इंग्रजी व्याकरणात नाही. शिक्षिका तो दुरुस्त करतात आणि मुलं पुन्हा ‘जा’वर येतात. मला त्यांचं बरोबर वाटतं.

पुढे पाहा ती रचना. प्रत्येक ओळीत तीन पदं. पहिलं पद पाढाभर तेच. दुसरं पद सगळ्या पाढ्यांत तेच, ठरलेल्या क्रमाने येणारं: एके, दुणे, त्रिक, चोक, पाचे, सक, साते, आठे, नव्वे, दाहे. नवं काय ते फक्त तिसरं पद. म्हणजे बेचा पाढा आला की पुढच्या प्रत्येक पाढ्याचा दोन तृतीयांश भाग आधीच येत असतो. आणि ही दहा पदं मोठ्याने म्हणून पाहिली तर आणखी एक गोष्ट कानाला लागते. बहुतेक ‘ए’वर संपतात, ओढता येतात, त्यांच्यावर झोके घेता येतात. तीन, चार आणि सहा मात्र ‘क’वर आपटतात: त्रिक, चोक, सक. कुठलीही यादी पाठ करताना सुरुवात आणि शेवट लवकर बसतो, मधला भाग निसटतो, हा स्मृतीच्या अभ्यासातला फार जुना निष्कर्ष. पाढ्यात नेमका त्या मधल्या पट्ट्यात ‘क’चा ठेका बसला आहे. कुणी तो मुद्दाम बसवला असं मी म्हणत नाही. पण ‘चोक’ म्हणणारं मूल आपण कुठवर आलो हे आकडे न मोजता, केवळ ठेक्यावरून ओळखतं, एवढं नक्की.

माझा सर्वांत लाडका पाढा नवाचा. त्यातल्या उत्तरांत दशक एकाने वाढतं, एकक एकाने घटतं, ही गंमत गणिताच्या प्रत्येक पुस्तकात असते. पण ती कागदावरची गंमत झाली. मराठीत ती ऐकू येते. नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस, पंचेचाळीस, चोपन्न, त्रेसष्ट, बहात्तर, एक्याऐंशी. प्रत्येक शब्दाचं तोंड बघा: नऊ, आठ, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक. आपल्या संख्यानामांत एकक आधी येतं, त्यामुळे नवाचा पाढा ही उतरती मोजणी होते आणि ती प्रत्येक उत्तराच्या पहिल्याच अवयवात वाजते. इंग्रजीत ‘ट्वेंटी सेव्हन, थर्टी सिक्स’ म्हणताना हीच मोजणी शब्दाच्या शेपटीला जाते आणि कानावर पहिला आघात वाढत्या दशकांचा होतो.

आणि एकोणिसाचा पाढा? मुलं ज्याला सर्वांत जास्त भितात तो? एकोणीस, अडतीस, सत्तावन्न, शहात्तर, पंच्याण्णव. अड, सत्ता, शहा, पंच्या: तीच उतरण, फक्त लांब ढांगा टाकत. शंभरी ओलांडल्यावरही चौदा, तेहेतीस, बावन्न, एकाहत्तर अशी ती एकापर्यंत येते. एकोणिसाचा पाढा हा नवाच्या पाढ्याचाच विलंबित आहे. हे मला कुठल्या शिक्षकाने सांगितलं नाही. तुम्हाला सांगितलं असेल तर तुम्ही नशीबवान. उलट अकराच्या पाढ्यात चढण आहे: बावीस, तेहेतीस, चव्वेचाळीस, पंचावन्न. तिच्या माथ्यावर येतो नव्व्याण्णव. एकोणीस, एकोणतीस, एकोणनव्वद अशी ‘एकोण’ची रांग चालत आलेली असताना मराठीने इथे ‘एकोणशंभर’ म्हटलं नाही, आणि त्यामुळे अकराच्या चढणीला शेवटी ‘नव’ची पायरी मिळाली. योगायोग असेल. पण रसिकाने योगायोगाचीही दाद द्यावी.

सगळे पाढे असे देखणे नाहीत. पाचाचा आणि दहाचा सपाट. त्यांत रमण्यासारखं काही नाही. साताचा खडबडीत. त्यातली एककं सात, चार, एक, आठ, पाच, दोन, नऊ, सहा, तीन असे उड्या मारतात आणि कानाला कुठली उतरण सापडत नाही. सतराच्या पाढ्यातही एककांचा हाच क्रम येतो, म्हणून सात पक्का नसेल तर सतरा कधीच पक्का होत नाही. घोटाळ्याची खरी जागाही इथेच आहे: ‘सात आठे’ की ‘नऊ सक’? छप्पन्न की चोपन्न? दोन्ही ‘प्पन्न’-‘पन्न’ करत जिभेवर येतात. गुणाकारात चुकलेलं उत्तर बहुतेक वेळा कुठल्यातरी शेजारच्या पाढ्यातलं खरं उत्तर असतं, असं संशोधकांना पुन्हापुन्हा आढळलं आहे. सात आठेला कुणी छप्पन्नाऐवजी एकसष्ट म्हणत नाही; चोपन्न, अठ्ठेचाळीस किंवा त्रेसष्ट म्हणतो. यावरून कळतं की स्मृतीत पाढे एकाखाली एक रचून ठेवलेले नसतात. प्रत्येक उत्तराचे धागे अनेक प्रश्नांना बांधलेले असतात आणि एक ओढला की शेजारचाही हलतो. विसरणं म्हणजे बऱ्याचदा पुसलं जाणं नव्हे; भलतंच आधी हाताला लागणं.

हे सगळं मेंदूत राहतं तरी कुठे? स्टॅनिस्लास देहान आणि लॉरां कोएन या फ्रेंच संशोधकांनी १९९७ मध्ये दोन रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. एकाच्या मेंदूला डाव्या बाजूस, बाह्यकाच्या म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराच्या खाली इजा झाली होती. त्याचे पाढे गेले. पण दोन संख्यांमधली मोठी कुठली, अंदाजे उत्तर किती यायला हवं, हे त्याला कळत होतं. दुसऱ्याची इजा मेंदूच्या वरच्या-मागच्या भागात होती. त्याचे पाढे बऱ्यापैकी शाबूत होते, पण संख्यांची जाणीवच हरवली होती, साधी वजाबाकी जमेना. पहिल्या रुग्णाची एक बाब मला फार बोलकी वाटते: पाढ्यांबरोबर त्याच्या पाठ असलेल्या प्रार्थना आणि बालगीतंही गेली होती. म्हणजे पाढा मेंदूच्या लेखी गणितापेक्षा स्तोत्राच्या जवळचा. आपल्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती आणि पाढे एकाच बैठकीत म्हणत, त्या दोघांचं नातं मेंदूतही निघालं. यावरून ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ हा सूर मी लावणार नाही. त्यांना फक्त मुलांना एका जागी बसवायचं होतं.

पण या दोन रुग्णांनी आपल्याकडच्या एका जुन्या वादातली हवा काढून घेतली आहे. घोकंपट्टी की आकलन, असा तो वाद. पाठ असणं आणि समजणं या मेंदूतल्या दोन वेगळ्या व्यवस्था असतील, तर एकीला हाकलून दुसरी बळकट होत नाही. मूल मोठं होताना पहिली व्यवस्था हळूहळू कामाला लागते. २०१४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने सात ते नऊ वर्षांच्या मुलांच्या मेंदूंची चित्रं सुमारे वर्षभराच्या अंतराने घेतली. बेरजा बोटांवर मोजणारी मुलं उत्तरं आठवू लागली, तसं हिप्पोकॅम्पस या भागाचं काम वाढलं आणि कपाळामागच्या भागावरचा ताण कमी झाला. मोठ्या माणसांत मात्र त्याच बेरजांसाठी हिप्पोकॅम्पसची फारशी गरज उरलेली नव्हती. ते ज्ञान बाह्यकात मुरलं होतं. नवी आठवण आधी हिप्पोकॅम्पसच्या आधाराने उभी राहते आणि वापरता वापरता तो आधार सुटतो. साठीतला दुकानदार ‘बारा साते’ ऐकताच चौऱ्याऐंशी म्हणतो तेव्हा तो काही आठवत नसतो. ते त्याच्या बोलण्याचाच भाग झालेलं असतं.

बोलण्याचा भाग, आणि तोही एका भाषेच्या. १९९९ मध्ये देहान, एलिझाबेथ स्पेल्के आणि सहकाऱ्यांनी रशियन-इंग्रजी बोलणाऱ्यांना एका भाषेत नेमक्या बेरजा शिकवल्या. त्याच बेरजा दुसऱ्या भाषेत विचारल्या तर त्यांना जास्त वेळ लागला. अंदाज करायला सांगितल्यावर मात्र फरक पडला नाही. न्यू जर्सीत तीस वर्षं इंग्रजीत नोकरी केलेला मराठी माणूस हॉटेलात टीप काढताना ओठांत ‘पंधरा चोक साठ’ पुटपुटतो, त्याचं हे स्पष्टीकरण.

आता परवचा. रोज संध्याकाळी, पुस्तक मिटून, न बघता म्हणायचा. यातला प्रत्येक तपशील स्मृतीच्या अभ्यासकांनी प्रयोगशाळेत तपासलेला आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये लिहिलं की, निरर्थक अवयवांची यादी एका दिवशी ६८ वेळा घोकून जे साधतं ते तीन दिवसांत वाटून ३८ वेळांत साधतं. रोज थोडं म्हणण्याचा एवढा मोठा लाभ! ‘न बघता’ याचं मोल त्याहून जास्त. २००६ मध्ये हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटलं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के मजकूर आठवला, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपल्याला येतं असा भ्रम होतो. आठवताना जो ताण पडतो तोच स्मृती पक्की करतो. परवच्यानंतर काही वेळाने मूल झोपतं आणि दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, हाही आडून मिळालेला फायदा.

मात्र परवच्याच्या नावाखाली वर्गात जे समूहगान चालतं त्याला हे प्रशस्तिपत्र लागू नाही. चाळीस मुलं एका सुरात म्हणतात तेव्हा मागच्या बाकावरचं मूल ‘…न्न’, ‘…स’ एवढंच ओढत असतं. आठवण्याचा ताण तिघे-चौघे घेतात, बाकीचे वाहत जातात.

दुसरा दोष रचनेतलाच आहे, आणि तिच्या सौंदर्यातूनच आलेला आहे. पाढा साखळी आहे. ‘तेरा साते?’ विचारलं की मूल तेरा एकेपासून निघतं, मनात धावत सातव्या पायरीला येतं आणि मग एक्क्याण्णव म्हणतं. लय जितकी गोड, तितकं मधूनच उतरणं अवघड. ज्या क्रमाने साठवलं त्या क्रमानेच हाताला येणं ही लयबद्ध पाठांतराची सगळीकडची मर्यादा आहे. जुन्या पंतोजींना ती माहीत असावी, कारण पाढे म्हणून झाल्यावर ते आडवेतिडवे विचारत, उलटेही म्हणायला लावत. आडवेतिडवे विचारणं म्हणजे साखळीची प्रत्येक कडी सुटी करून तिला स्वतःचं दार देणं. आजच्या घरांत मुलं पाढे म्हणतात, आईवडील कौतुकाने व्हिडिओ काढतात आणि आडवंतिडवं विचारायचं राहून जातं.

उजळणीची मागची पानं आता कुणी उघडत नाही: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. सोळा आण्यांचा रुपया, सोळा छटाकांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण यांच्या बाजारात हे पाढे रोज लागत. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि ही पानं बघता बघता मुकी झाली. स्मृती वापराशिवाय कशालाच आसरा देत नाही. पाऊणकीची चाल फार सुरेख होती: दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन. अपूर्णांकांची नावं अशी गुळगुळीत करून ठेवणारी भाषा मला श्रीमंत वाटते, पण तेवढ्यासाठी आज कुणी औटकी पाठ करावी असं मी म्हणणार नाही.

राहिला २०१९ चा वाद. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’बरोबर ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्र पेटला; प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की, जोडाक्षरं आणि आधी एकक, मग दशक हा उलटा क्रम मुलांना जड जातो, दक्षिणेतल्या भाषांत तो सरळ आहे आणि जुनी नावं काही काढून टाकलेली नाहीत. त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. जर्मनमध्येही एकक आधी येतं आणि तिथली लहान मुलं आकडे उलटे लिहितात, हे संशोधनात नोंदलेलं आहे. संख्या समजायची असेल तेव्हा ‘वीस एक’ स्वच्छ आहे. त्याची टिंगल करणाऱ्यांनी दुसरीतल्या मुलाला ‘एकोणऐंशी’ लिहायला सांगून पाहावं.

पण पाठ करायची वेळ आली की तोच क्रम लय मोडतो. ‘वीस सात, तीस सहा, चाळीस पाच’ असं म्हणून नवाचा पाढा वाचा. उतरण कानाला उरत नाही. म्हणून दोन्ही वाचनं असावीत: संख्या ओळखण्याच्या पानावर नारळीकरांचं, पाढ्यांच्या पानावर जुनं. आणि तीसपर्यंतच्या पाढ्यांचा हट्ट सोडावा. तो मण-शेरांच्या हिशेबाचा होता. आज वीसपर्यंत पक्कं असेल तर पुरे. तेवढं रोज संध्याकाळी, पुस्तक मिटून, एकेकट्याने म्हणवून घ्या. मग आडवंतिडवं विचारा, आणि साताच्या पाढ्यापासून सुरुवात करा.